भगंदर : आधी नकाशा, मग सुरी

भगंदराची सुरुवात बहुतेक वेळा एका गळवानं होते. गुदद्वाराशेजारी ठणका लागतो, धड बसवत नाही, रात्री थंडी वाजून ताप भरतो. मग एखाद्या पहाटे गळू आपोआप फुटतं, कपड्याला पू लागतो, ठणका थांबतो आणि माणूस ‘सुटलो एकदाचा’ म्हणत कामाला लागतो. बारामती-इंदापूर पट्ट्यात काम म्हणजे ट्रॅक्टरवरची बैठक, फडातली ऊसतोड, डाळिंबाची छाटणी, नाहीतर एमआयडीसीतली पाळी. काही आठवड्यांनी तीच जागा पुन्हा सुजते, पुन्हा फुटते. पुढं पुढं तर फुटण्याचीही गरज राहत नाही. एक बारीक तोंड कायमचं उघडं राहतं आणि थेंब थेंब स्राव येत राहतो.

हे सगळं मूळव्याधीच्या नावावर खपतं. गुदद्वाराशी रक्त दिसो, चीर पडो, कोंब येवो की पू वाहो, गावाकडं एकच शब्द वापरला जातो. ‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपल्या भाषेत उगाच रुजलेली नाही. तालुक्याच्या गावात डॉक्टर कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी वर्गमित्र निघतो. त्याच्यासमोर कपडे उतरवायचे कसे, या संकोचात वर्षं जातात. बायकांच्या बाबतीत तर घरातही बोलणं होत नाही. आजार पुरुषांत सुमारे दुपटीनं आढळतो असं परदेशातली आकडेवारी सांगते, पण म्हणून बाई त्यातून सुटत नाही, आणि तिच्या शरीराची ठेवण पाहता तिला चुकीच्या शस्त्रक्रियेची किंमत जास्त मोजावी लागते.

या संकोचावर एक धंदा उभा राहिला आहे. एसटी स्टँडच्या बोळात, आठवडी बाजाराच्या तोंडाशी ‘मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज’ अशा रंगवलेल्या पाट्या महाराष्ट्रात कुठंही दिसतात. आत बसलेल्याकडं पदवी असेलच असं नाही. तो कसलं तरी जळजळीत द्रव्य टोचतो किंवा वाटेल तिथं दोरा ओवतो. त्यातून स्नायू जळतो, गुदमार्ग आकसतो आणि साधा भगंदर गुंतागुंतीचा होऊन बसतो. नोंदणीशिवाय वैद्यकी करणं हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ च्या कलम ३३ नुसार गुन्हा आहे. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं किंवा आयुर्वेदाचा असेल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडं तपासता येते. अशी चौकशी करणं म्हणजे डॉक्टरचा अपमान करणं नव्हे.

आता मूळ दुखण्याकडं. गुदमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याच्या साधारण मध्यावर आतल्या अस्तरात एक दातेरी रेघ असते आणि त्या रेघेपाशी काही सूक्ष्म ग्रंथींची तोंडं उघडतात. एखादी ग्रंथी तुंबली, तिच्यात जंतुसंसर्ग झाला की पू तयार होतो आणि बाहेर पडायला वाट शोधतो. त्याच्या वाटेत असतात शौचावर ताबा ठेवणारे दोन गोल स्नायू, म्हणजे स्फिंक्टर. आतला आपल्या नकळत सतत आवळलेला असतो. बाहेरचा आपण हुकमानं आवळतो, एसटीत बसलेलो असताना पोटात कळ आली की ज्याच्या भरवशावर आपण पुढचा थांबा गाठतो तो. पू या स्नायूंच्या मधून, त्यांना भेदून किंवा त्यांना वळसा घालून कातडीपर्यंत येतो. आत एक तोंड, बाहेर एक तोंड, मध्ये नळी, असा हा भगंदर.

बाहेरचं तोंड दिसतं, म्हणून सगळा जीव तिथं अडकतो. मलम तिथं, ड्रेसिंग तिथं. पण नीरा डावा कालवा पाझरायला लागल्यावर खालच्या शेतातलं पाणी कितीही उपसलं तरी रान कोरडं होत नाही, कालव्याच्या अंगचं भोक बुजवावं लागतं. भगंदराचं आतलं तोंड सापडलं नाही किंवा बंद झालं नाही, तर बाहेरची जखम दहा वेळा भरेल आणि अकराव्यांदा फुटेल. केवळ अँटिबायोटिकच्या गोळ्यांनीही ही नळी बुजत नाही. गळू असतानाच, ते पुरतं पिकायची वाट न पाहता, शस्त्रक्रियेनं मोकळं करणं हा पहिला उपचार. मधुमेह असणाऱ्यानं तर एक दिवसही घालवू नये, कारण तिथला संसर्ग झपाट्यानं पसरून जिवावर बेतू शकतो. गळू व्यवस्थित मोकळं केल्यावरही अंदाजे तिघांपैकी एकाला पुढं भगंदर होतो. ते आधीच सांगितलेलं असलं की नंतर डॉक्टरवरचा विश्वास उडत नाही.

साधा, खालच्या पातळीवरचा भगंदर असेल तर काम तुलनेनं सोपं असतं. नळीत सळई घालून तिच्यावरचं छत उघडायचं, नळीची चर करायची आणि ती तळापासून भरू द्यायची. यात नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. स्नायूचा थोडासाच भाग कापला जातो आणि शौचावरचा ताबा बहुधा शाबूत राहतो.

खरी परीक्षा गुंतागुंतीच्या भगंदरात होते. नळी बाहेरच्या स्नायूचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग ओलांडत असेल, तिला फाटे फुटले असतील, घोड्याच्या नालासारखी ती दोन्ही बाजूंना पसरली असेल, आधीची शस्त्रक्रिया फसली असेल, मुळाशी क्षयरोग किंवा क्रोन्स डिसीज हा आतड्याच्या जुनाट दाहाचा आजार असेल, तर भगंदर गुंतागुंतीचा समजतात. बाईच्या पुढच्या बाजूचा भगंदरही याच वर्गात येतो. तिथं स्नायू मुळातच तोकडा असतो आणि बाळंतपणात तो आधीच ताणला किंवा फाटलेला असू शकतो. अशा ठिकाणी चर खणली तर भगंदर बरा होईलही, पण वारा सरताना किंवा पातळ शौचाच्या वेळी कपडे खराब होऊ लागतील. पू परवडला, असं म्हणायची वेळ येते. म्हणून इथं सर्जनला दोन गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात, रोग मुळासकट काढायचा आणि स्नायू राखायचा.

ही अडचण जुनी आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा भगंदर १६८६ साली शार्ल-फ्रान्स्वा फेलिक्स या सर्जननं कापला. राजावर हात टाकण्याआधी त्यानं काही महिने इस्पितळातल्या गोरगरिबांवर सराव केला होता. राजा बरा झाला. त्या गरिबांचं काय झालं याची कुणी बखर लिहिली नाही. पुढं १८३५ मध्ये फ्रेडरिक सालमन यांनी लंडनमध्ये खास अशाच गरीब रुग्णांसाठी दवाखाना काढला, तो आज सेंट मार्क्स हॉस्पिटल म्हणून ओळखला जातो. तिथल्याच ॲलन पार्क्स यांनी १९७६ साली चारशे रुग्णांच्या अभ्यासावरून भगंदराचे चार मुख्य प्रकार ठरवले. नळी दोन स्नायूंच्या मधून जाते, बाहेरच्या स्नायूला भेदते, त्याच्या वरून वळसा घेते की स्नायूंच्या पूर्ण बाहेरून उतरते, यावर ही विभागणी आहे. आजही सर्जन हीच भाषा बोलतात.

नळी कुठून कशी गेली आहे, हे शस्त्रक्रियेच्या आधी कळण्याचं उत्तम साधन म्हणजे एमआरआय. पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या भगंदरांवर सेंट मार्क्समध्येच झालेला अभ्यास २००२ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. एमआरआयनं दाखवलेल्या वाटेनं शस्त्रक्रिया केली तर रोग परतण्याचं प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांनी कमी होतं, असा त्याचा निष्कर्ष होता. गुंतागुंतीच्या भगंदरात एमआरआयचा खर्च टाळून पहिली शस्त्रक्रिया उरकणं म्हणजे दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च ओढवून घेणं आहे. प्रत्येक फसलेल्या शस्त्रक्रियेगणिक तिथं घट्ट व्रण वाढतो, ओळखीच्या खुणा पुसल्या जातात आणि पुढच्या सर्जनला कापायला, शिवायला चांगला स्नायू कमी उरतो. रुग्णाच्या हातात खरी संधी असते ती पहिल्या शस्त्रक्रियेची.

थिएटरमध्ये भूल दिल्यावर पुन्हा एकदा शोध घ्यावा लागतो. बाहेरच्या तोंडात मऊ नळी सरकवून सर्जन हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब हलकेच सोडतो आणि गुदमार्गात उपकरण लावून दातेरी रेघेवर नजर ठेवतो. क्षणभरात कुठंतरी पांढरा फेस उमलतो. तेच आतलं तोंड. सळई जबरदस्तीनं घुसवली तर ती नवीच वाट पाडते, आणि रोगानं न केलेला भगंदर डॉक्टरच्या हातून होतो. म्हणून फेस न दिसल्यास हट्ट न करता थांबणारा सर्जन चांगला.

संसर्ग जोरात असेल तर बहुधा आधी नळीतून एक मऊ दोरा किंवा रबरी धागा ओवून सैल बांधतात. त्याला सेटन म्हणतात. तो कापायला नसतो. पू निचरत राहावा आणि नळी शांत व्हावी एवढंच त्याचं काम. काही आठवडे किंवा महिने तो तसाच राहतो. रुग्णाला वाटतं, ऑपरेशन अर्धवट सोडलं. तसं नाही, हा उपचाराचा पहिला टप्पा असतो, पण तो आधी समजावून सांगितला नाही तर रुग्ण मधूनच नाहीसा होतो आणि धागा वर्षभर तसाच राहतो.

त्यानंतरच्या मुख्य शस्त्रक्रियांत सध्या लिफ्टचं नाव जास्त ऐकू येतं. बँकॉकच्या अरुण रोजनसाकुल यांनी २००७ मध्ये ती मांडली. दोन स्नायूंच्या मधल्या खाचेवर छोटा वक्र छेद घेतात, स्नायू न कापता त्यांच्या मधून आत शिरतात, तिथून जाणारी नळी वाकड्या चिमट्यावर उचलून दोन्हीकडं बांधतात आणि मध्ये तोडतात. स्नायूचा धागाही दुखावला जात नाही. रोजनसाकुल यांच्या पहिल्या १८ रुग्णांपैकी १७ बरे झाले होते. पुढं जगभर अनुभव वाढला तसं यश साठ ते पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास स्थिरावलं. फसली तरी बऱ्याचदा नळी आखूड होऊन उरते आणि पुढचं काम सोपं होतं, हा तिचा मोठा गुण.

फ्लॅपच्या शस्त्रक्रियेत आतल्या अस्तराचा पदर सोडवून खाली ओढतात आणि आतल्या तोंडावर बसवून शिवतात. टाके तुटले तर सगळं मुसळ केरात, म्हणून इथं हाताची सवय लागते. पंचकुला इथले सर्जन पंकज गर्ग यांनी २०१७ मध्ये मांडलेली ट्रोपिस ही पद्धत वेगळा विचार करते. दोन स्नायूंमधली साठलेली घाण बंदिस्त ठेवण्याऐवजी ती जागा आतल्या बाजूनं उघडून भरू द्यायची आणि बाहेरच्या स्नायूला हात लावायचा नाही. उंचावरच्या आणि नालासारख्या भगंदरात तिचे निष्कर्ष आशादायक आहेत.

लेझर आणि दुर्बिणीचा गवगवा सर्वांत जास्त आहे. इटलीच्या पिएरकार्लो मैनेरो यांनी नळीत बारीक दुर्बीण घालून आतून जाळण्याची पद्धत विकसित केली, तर जर्मनीतून २०११ मध्ये लेझरचा तंतू घालून नळी आकसवण्याचा अहवाल आला. दोन्हींत स्नायू वाचतो, जखम लहान राहते, रुग्ण लवकर घरी जातो. पण यश प्रत्येक ठिकाणी सारखं येत नाही, आणि ‘लेझरनं अर्ध्या तासात कायमची सुटका’ असं फलकावर लिहिणं हे रुग्णाला फसवणं आहे. ब्रिटनमध्ये ३०४ रुग्णांवर फियाट नावाची चाचणी झाली. एका गटात नळीत जैविक बूच बसवलं, दुसऱ्यात सर्जनला योग्य वाटेल ती शस्त्रक्रिया केली. वर्षानंतर बरे झालेले ५४ आणि ५५ टक्के. जाणत्या हातांतही गुंतागुंतीच्या भगंदराचे जवळपास निम्मे रुग्ण पहिल्या वर्षात बरे होत नाहीत, हे ज्याला ठाऊक आहे तो डॉक्टर शंभर टक्क्यांची हमी देणार नाही. क्रोन्सच्या भगंदरासाठी युरोपात २०१८ मध्ये मूळ पेशींचं एक महागडं औषध मंजूर झालं होतं. दुसऱ्या मोठ्या चाचणीत ते उतरलं नाही आणि २०२४ मध्ये बाजारातून मागं घेतलं गेलं.

आपल्याकडं भगंदराचा विषय क्षारसूत्राशिवाय, म्हणजे क्षाराचे लेप दिलेल्या औषधी धाग्याशिवाय, पुरा होत नाही, आणि त्याकडं ना भक्तीनं बघायला हवं ना तुच्छतेनं. सुश्रुतानं बरे करायला कठीण अशा आठ महारोगांत भगंदर मोजला, त्याचे पाच प्रकार सांगितले. कृश, दुबळ्या किंवा घाबरट रुग्णाची आणि मर्माच्या जागची नाडी, म्हणजे पुवाची नळी, शस्त्रानं न कापता क्षारसूत्रानं कापावी, असा त्याचा सल्ला आहे. हे तंत्र व्यवहारातून जवळजवळ गेलं होतं. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी ते पुन्हा उभं केलं आणि १९७३ मध्ये २०० रुग्णांचा अनुभव अमेरिकेतल्या प्रॉक्टॉलॉजीच्या नियतकालिकात छापला.

धागा बनवण्याचं काम निगुतीचं आहे. लिननचा मजबूत धागा चौकटीवर ताणून बसवतात. त्यावर थोर निवडुंगाच्या चिकाचे अकरा लेप, मग चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे सात, शेवटी चीक आणि हळदीचे तीन. प्रत्येक लेप सुकल्यावर पुढचा. एकवीस लेपांनंतर धागा कडक, पिवळसर होतो. तो नळीतून ओवून बांधतात. दर आठवड्याला जुन्या धाग्याच्या टोकाला नवा बांधून ओढून घेतात, म्हणजे सळई पुन्हा घालावी लागत नाही. क्षार नळीचं अस्तर खरवडतो, धागा हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं याची शस्त्रक्रियेशी रीतसर तुलना करून १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. क्षारसूत्रानं भरायला साधारण आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेनं चार. पण रोग परतला तो क्षारसूत्राच्या गटात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात ११ टक्के रुग्णांत. आकडे भक्कम आहेत. मात्र त्या काळी एमआरआय हाताशी नव्हता आणि आज वापरल्या जाणाऱ्या स्नायू राखणाऱ्या पद्धतींपैकी बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता, हे लक्षात ठेवूनच ते वाचावेत. शिवाय उंचावरच्या नळीत क्षारसूत्रही स्नायू कापतंच, सावकाश कापतं एवढंच. म्हणून बनारसलाच पुढं मनोरंजन साहू यांनी पद्धत बदलली. लांबच लांब नळीत दोरा न घालता गुदद्वाराजवळ छेद घेऊन नळी मध्येच अडवायची आणि तिथून आतल्या तोंडापर्यंतच्या आखूड भागात क्षारसूत्र ठेवायचं. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रीय अधिसूचनेनं आयुर्वेदातल्या शल्य व शालाक्य शाखांच्या पदव्युत्तरांना ५८ शस्त्रक्रियांची परवानगी दिली, त्यावर इंडियन मेडिकल असोसिएशननं देशभर बंद पाळला. दवाखान्याच्या दारात उभ्या रुग्णाला त्या वादापेक्षा समोरच्यानं असे किती भगंदर हाताळलेत हे कळणं जास्त गरजेचं आहे.

इंदापूर तालुक्यातल्या माणसासाठी आणखी एक हिशेब असतो. दर आठवड्याला दोरा बदलायला पुण्याला जायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडतो, सोबतीला माणूस लागतो. बारामतीहूनच पुणं सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. कारखान्याचा हंगाम सुरू असेल तर सुट्टी मिळणं मुश्कील. बारामतीत २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याआधीपासूनचं सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे. किमान तपासणी, गळवाचा निचरा आणि ड्रेसिंग यांसाठी पुणं गाठायची गरज नसावी. गुंतागुंतीची शस्त्रक्रिया पुण्यात झाली तरी नंतरची देखभाल घराजवळ व्हावी, यासाठी दोन्हीकडच्या डॉक्टरांत फोनवर बोलणं असायला हवं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का आणि कोणत्या रुग्णालयात बसते, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावं.

एक गोष्ट मात्र आपल्या देशात कुठल्याही पद्धतीइतकीच महत्त्वाची आहे. भगंदराच्या मुळाशी क्षयरोग असू शकतो. खोकला नसतो, छातीचा फोटोही कधी स्वच्छ असतो. कापून काढलेल्या नळीचा तुकडा बादलीत गेला तर हे कधीच कळत नाही आणि रुग्ण शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया करून घेत राहतो. म्हणून तुकडे दोन बाटल्यांत जायला हवेत. एकात फॉर्मॅलिन, सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी. दुसऱ्यात नुसतं सलाइन, कारण फॉर्मॅलिननं जंतू मरतात आणि मग ते वाढवून पाहता येत नाहीत. निदान झालं तर किमान सहा महिन्यांची औषधं लागतात, ती सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात. शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांनी या दोन बाटल्यांबद्दल विचारावं, अहवाल एमआरआयच्या फिल्मसोबत एकाच फायलीत ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ती फाइल आधी दाखवावी.